घाटातली जास्तीची बैलजोडी



वारकऱ्याची शिदोरी कोणती, असं विचारलं तर मी श्वास म्हणेन. पायांना तो लागतो, टाळाला लागतो, नामालाही लागतो. ज्याला तो पुरत नाही त्यालाच त्याचं मोल कळतं.

माझा कणा लहानपणापासून वाकडा आहे, मागेही आणि बाजूलाही. असा बाक फार वाढला की छातीचा पिंजरा आखडतो. फुप्फुसाला फुलायला जागा उरत नाही. धडधाकट माणूस चढावर खोल श्वास घेतो. आमचा श्वास खोल जात नाही, नुसता भरभर चालतो. पाय थकण्याआधी श्वासाचे स्नायूच थकतात. हरिपाठ म्हणताना माझा चरण मध्येच तुटायचा. पण दम लागतो म्हणून चालणं सोडलं, तर अंगातली उरलीसुरली ताकदही जाते.

म्हणून डॉक्टरांनी व्यायामापुरता बायपॅप सांगितला. नाकातोंडावर मास्क बांधायचा. मी श्वास ओढला की यंत्र दाबाने हवा आत देतं, सोडताना दाब उतरतो. श्वास माझाच, यंत्र फक्त हात लावतं. नुसत्या ऑक्सिजनच्या नळीने स्नायूंवरचा भार हलका होत नाही. उलट आमच्यासारख्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो. म्हणून दाब किती ठेवायचा हे तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवावं. गुण सर्वांना सारखा येत नाही, पण या आधाराने अनेकांचा व्यायाम जास्त वेळ टिकतो आणि दम कमी लागतो. राळेगावच्या घरी मी ओसरीत बसून पायडल मारतो. वीज गेली तर येईपर्यंत थांबतो. तोंडावर मास्क असतो, तेव्हा नाम मनातल्या मनात चालतं.

एका वडीलधाऱ्या माळकरी बुवांनी विचारलं, "नामात एवढं बळ असताना यंत्र कशाला, बापू?" प्रश्न मायेचा होता.

मी म्हटलं, "बुवा, दिवे घाट आठवा." पुण्याहून सासवडला जाताना माऊलींच्या रथाला तिथे जास्तीच्या बैलजोड्या लावतात. रथ माऊलींचा, मग जास्तीचे बैल कशाला, असं तिथे कोणी विचारत नाही. घाट सरला की त्या जोड्या सोडतात. माझंही तसंच. चढापुरती जोडी.

दिंडीतलं भजनही तसंच चालतं. एक बाजू चरण म्हणते, तोवर दुसरी दम घेते. वीणेकरी थकला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. एकट्याच्या श्वासावर दिंडी चालत नाही.

तेव्हा माऊली, तुमच्या दिंडीत कोणी वाकल्या पाठीचा मागे पडला, तर "नाम घे, चालशील" एवढंच सांगून पुढे जाऊ नका. चाल थोडी मंद करा, त्याला विसावू द्या. आणि गावी परतल्यावर त्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तीही सेवाच आहे.

रामकृष्णहरी!