आधी हवा, मग अंथरूण

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याने घोटीला यावे, तेथे डावीकडे वळावे, आणि भातखाचरांमधून जाणाऱ्या रस्त्याने बारी गाव गाठावे. येथे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर इतके जवळ येते की गाडीच्या काचेतून त्याचा माथा पाहण्यासाठी मान वाकडी करावी लागते. पुढे शेंडी गाव आणि त्याला लागूनच भंडारदऱ्याचा जलाशय. प्रवरेवरील या विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. डिसेंबरात पाऊस संपलेला असतो, गवत सोनेरी होत आलेले असते आणि संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा अंगाला चांगलाच झोंबतो.

याच पाण्याकाठी एका डिसेंबरात माझ्या घरातील तीन माणसे माझ्याच हातून जिवाला मुकली असती. तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या माणसाला हे लिहिताना संकोच होतो. परंतु जुनी गाडी घेऊन तिच्यात कुटुंबाच्या मुक्कामाची सोय करू पाहणारे अनेकजण मला हल्ली दवाखान्यात भेटतात. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून ही हौस वाढली आहे. त्यांच्यासाठी संकोच बाजूला ठेवणे भाग आहे.

आमच्या गाडीचे कारण हौस नव्हते, आई होती. वयाच्या पंचाहत्तरीनंतर तिचे दोन्ही गुडघे इतके झिजले की तिने घराबाहेर मुक्कामाला जाणेच सोडून दिले. लॉजच्या पायऱ्या, उकिडवे बसावे लागणारे शौचालय, जमिनीलगतचे अंथरूण, यांपैकी काहीतरी आडवे येईच. "तुम्ही जा, मी घर सांभाळते," हे वाक्य तिने चार वर्षे इतक्या सहजतेने म्हटले की आम्हीही ते खरे मानू लागलो. मात्र रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ पुन्हा एकदा पाहावे, ही तिची इच्छा मधूनमधून डोके वर काढी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती वडिलांबरोबर होडीने जलाशय ओलांडून तेथे गेली होती.

म्हणून आम्ही तेरा वर्षे वापरलेली, उंच छताची एक डिझेल कॅम्पर व्हॅन विकत घेतली. नोंदणी पुस्तकात तिचा प्रकार कॅम्पर व्हॅन असाच होता, हे मी आधी पाहून घेतले होते. साधी प्रवासी गाडी घेऊन तिची आसने उपटून टाकणे आणि आत पलंग बसवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल केल्यास दंड होऊ शकतो आणि अपघाताच्या वेळी विम्याचा दावाही अडचणीत येतो. शिवाय गाडी पंधरा वर्षांची झाली की पुनर्नोंदणीसाठी तिची तपासणी होते. तेव्हा मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घेणे, ही पहिली पायरी होय.

ही पायरी मी नीट चढलो, दुसरीवर चुकलो. गाडी घरी आल्यावर मी ती नव्या संसारासारखी सजवू लागलो. नवी गादी, नवे पडदे, छोटा फ्रिज, मंद दिवे. छतातील जुना झरोका पावसात गळत होता, तो मी सिलिकोन लावून कायमचा बंद केला. दारांचे कडक झालेले रबर बदलले. फरशीपाशी एक जाळीचे भोक होते, त्यातून धूळ व मुंग्या येत; त्यावर पत्रा ठोकला. शेवटी दार लावले की बाहेरचा आवाजसुद्धा आत येईनासा झाला. गाडी कशी डब्यासारखी घट्ट झाली, याचा मला अभिमान वाटला. ती भोके कोणी कशासाठी ठेवली असतील, हा प्रश्न मला पडला नाही.

पहिल्याच सहलीत आम्ही भंडारदऱ्याला दुपारी चारला पोहोचलो. पाण्याकाठी तंबू भाड्याने देणाऱ्या एका तरुणाच्या जागेत गाडी लावली. रात्री कोळशाच्या शेगडीवर वांगी भाजली, भाकरी झाली. नऊच्या सुमारास आईची बोटे गारठून पांढरी पडली. निखाऱ्यांवर राख धरली होती, धूर अजिबात नव्हता. शेगडी विझतच आली आहे असे समजून मी ती स्वतः उचलून आत ठेवली, दार लावले आणि बाहेर भांडी घासत बसलो.

पाऊण तासाने आत आलो तेव्हा चौदा वर्षांच्या मुलीला उलटी झाली होती. घाटाची वळणे लागली असतील, असे म्हणून मी तिला उलटीची गोळी दिली. घाट उतरून पाच तास झाले होते, हे ध्यानात आले नाही. आई म्हणाली, "डोकं जड झालंय रे, झोपते मी." तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९८ आला. मी निश्चिंत झालो. इतक्यात पत्नी म्हणाली, "अहो, माझंही डोकं ठणकतंय, आणि पाय उचलत नाहीत."

एकाच छताखाली, एकाच वेळी, तिघींचे डोके दुखते आहे. हे वाक्य मनात उमटले तेव्हा कुठे माझी नजर शेगडीकडे गेली. मी सगळी दारे उघडली, तिघींना बाहेर ओढून काढले. आवाज ऐकून तो तंबूवाला तरुण धावत आला. "डॉक्टर, तुम्ही गाडी चालवू नका. मी जीप काढतो," एवढेच तो म्हणाला आणि आम्हाला जवळच्या रुग्णालयात घेऊन गेला. तेथील तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने मी तोंड उघडण्यापूर्वीच विचारले, "सर, शेगडी आत होती का?" जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो माझ्याहून निम्म्या वयाच्या डॉक्टरने मला विचारला.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल असे कोणतेही इंधन अपुऱ्या हवेत जळताना तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नसणे ही तो नसल्याची खूण नव्हे. राख धरलेले निखारेही तो सोडत राहतात. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने या वायूला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरते. नेहमीच्या ऑक्सिमीटरला प्राणवायू धरलेले आणि हा वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतील फरक कळत नाही. म्हणून आकडा ९८ दिसतो आणि माझ्यासारखा फसतो. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण एक ते दीड तास. म्हणूनच मोकळ्या हवेत बरे वाटले तरी रुग्णालय टाळू नये. त्या रात्री तिघींना प्राणवायू लावून मी बाकावर बसून राहिलो. पहाटे आई उठून बसली आणि तिने चहा मागितला.

घरी परतल्यावर पत्नीने गाडी विकण्याचा विषय काढला. तिचे चुकत नव्हते. नको म्हणाली ती आईच. "गाडीनं काय केलं? आपण भोकं बुजवली," असे ती म्हणाली. त्यात 'तू' न म्हणता 'आपण' म्हणण्याचा मोठेपणा होता.

मग आम्ही गाडीचे काम पुन्हा पहिल्यापासून केले. या वेळी हवेपासून. छतातील बंद केलेला झरोका काढून तेथे पाऊस आत न येणारा, जाळीचा आणि छोट्या पंख्याचा झरोका बसवला. फरशीलगतचे भोक मोकळे केले. मुंग्यांसाठी बारीक जाळी लावली. या खालच्या भोकाचे प्रयोजन तेव्हा समजले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो फरशीवर साचतो आणि त्याला बाहेर पडायला वाट खालीच हवी. पाच किलोची टाकी आता वेगळ्या बंद कपाटात उभी असते, आणि त्या कपाटाचे तोंड केवळ गाडीबाहेर उघडते. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर झोपणाऱ्याच्या डोक्याच्या पातळीवर आणि गॅसगळतीचा गजर फरशीजवळ लावला. मेकॅनिकने सायलेन्सरचा नळ तपासला तेव्हा मागच्या जोडाशी गंज निघाला. जुन्या गाडीत हा नळ झिजून इंजिनाचा धूर मागच्या दारातून आत शिरू शकतो, तोही बदलला. स्वयंपाक आता बाहेरच होतो. थंडीवर उपाय म्हणजे छताला व भिंतींना आतून उष्णतारोधक थर, जाड गोधड्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या.

त्यानंतर बसण्याकडे वळलो. मुलगी प्रवासात मागच्या गादीवर आडवी होऊन पुस्तक वाचत असे. अचानक ब्रेक लागल्यास गादीवरचे माणूस आणि बांधून न ठेवलेले पातेले यांत गाडीच्या दृष्टीने काही भेद नसतो. आता नोंदणीत जितकी आसने आहेत तितकीच माणसे, पुढे तोंड करून, पट्टा लावून बसतात. गादी फक्त गाडी उभी असताना. यामुळे घाटात मळमळणेही कमी झाले, कारण नजर पुस्तकाऐवजी रस्त्यावर असते. टायरची नक्षी चांगली दिसत होती, पण बाजूवर छापलेल्या चार अंकांवरून त्यांचे वय कळले. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमचे टायर नऊ वर्षांचे निघाले. रबराला बारीक चिरा होत्या. तेही बदलले. पाण्याची टाकी ६० लिटरची आहे, म्हणजे भरल्यावर ६० किलो. ती चाकांच्या मधोमध, खाली बसवली.

आणि सर्वांत शेवटी आई. दाराशी दोन रुंद, न घसरणाऱ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पलंगाची उंची तिच्या गुडघ्याइतकी, म्हणजे पाय जमिनीला टेकवून उठता येते. पडद्याआड कमोडची खुर्ची आणि तेथपर्यंत जमिनीलगत मंद दिवा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना रात्री एकदम उठल्यावर भोवळ येते. म्हणून उठण्यापूर्वी काठावर मिनिटभर बसायचे, हा नियम. दर दोन तासांनी गाडी थांबते आणि आई दहा पावले का होईना, चालते.

या सगळ्यात पडदे जुनेच राहिले. फ्रिजचे पैसे गजर व टायर यांत गेले.

पुढच्या डिसेंबरात आम्ही त्याच तंबूवाल्याच्या जागेत गाडी लावली. त्याने आईसाठी भाकरी पाठवली. शेगडी मात्र लांबच ठेवली. दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. देवळापासून थोड्या अंतरावर गाडी थांबली. आई दांडा धरून दोन पायऱ्या उतरली, माझ्या हाताला धरून सावकाश चालत गेली. काळ्या दगडातील कोरीव खांबावर तिने हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पुष्करणीच्या काठावर बसून तिने मुलीला होडीच्या त्या प्रवासाची गोष्ट सांगितली. त्यातील निम्मी मला ठाऊक नव्हती.

त्या रात्री सगळे झोपायच्या तयारीत असताना अंधारातून तिचा आवाज आला, "वरचा झरोका उघडा आहे ना रे?"

"उघडा आहे, आई."

"हात लावून बघ."

मी उठलो, हात लावून पाहिला. बोटांना थंड वारा लागला. वाचकहो, तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी दिवा मालवण्यापूर्वी आमच्याकडे हा प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर तोंडी चालत नाही.