खाली

सातारा,
मंगळवार, सकाळ

चि. छकुलीस,


परवा फोनवर बोलताना तू मध्येच म्हणालीस, "थांब गं मावशी, हात बदलते, याला मुंग्या आल्यात." आणि लगेच दुसऱ्याच विषयावर गेलीस. खोदून विचारलं तेव्हा कुठे कळलं, की रात्री दोन-दोनदा जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, आणि हे दिवाळीपासून चाललंय. वर म्हणालीस, "मी काय ओझी उचलते का? बसून तर काम." ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. अगदी हेच मी पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या आईला ऐकवलं होतं, याच शब्दांत. म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू "हो हो" म्हणशील आणि ठेवून देशील. पत्र उशाशी राहील.

माझ्या हाताचं ऑपरेशन झालं एवढंच तुला माहीत आहे, कसं झालं ते नाही. मी तेव्हा शनिवार पेठेत डीटीपी करायचे. पानावर पैसे. गणपती बसले की दिवाळी अंकांची घाई सुरू व्हायची आणि आश्विन संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसायची. बारा-बारा तास बसायचे. जितकी पानं तितके पैसे, मग थांबायचं कशासाठी? त्या वर्षी आधी रात्री मुंग्या आल्या. मी बाम चोळला. मग सकाळी बोटं जड वाटू लागली. मी क्रेप बँडेज गुंडाळलं. मग ब्लाउजचे हूक लागेनात, पिळलेल्या साडीतून पाणी निथळतच राहायचं. एक दिवस भरलेला कप हातातून निसटला. कप सुटला हे मला बोटांनी सांगितलंच नाही, फुटल्याच्या आवाजाने कळलं. त्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. पहिल्या मुंगीपासून नऊ महिने उलटले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "नेमकी कुठली बोटं?" मी म्हटलं, सगळीच. ते म्हणाले, "नीट आठवा. करंगळीसुद्धा?" करंगळी नव्हती. तुला आज रात्री जाग आली की दिवा न लावता हेच तपास. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्याच भागात मुंग्या असतील तर दुखणं बहुधा मनगटात असतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर कोपराकडे बघायचं. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून किंवा फार दुमडून ठेवण्याने तिथली नस दबते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर ते आणखी तिसरं. आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर तो टेनिस एल्बो. २००४ साली सचिनला झाला आणि रॅकेट हातात न धरलेल्या माणसांच्याही तोंडी तो शब्द आला.

मनगटाचं त्यांनी असं समजावलं. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो ना, तसा मनगटात एक अरुंद बोगदा आहे. तळाला हाडं, वर एक जाड पट्टा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, आणि त्याच गर्दीतून एक नस, मीडियन नर्व्ह. दोऱ्यांभोवतीची आवरणं सुजली, की बोगदा काही रुंद होत नाही. चेंगरते ती नस. मनगट वर किंवा खाली वाकलं की आतला दाब आणखी वाढतो. झोपेत आपण मनगट दुमडून घेतो, म्हणून हे दुखणं रात्री उठवतं. नुसत्या टायपिंगनेच हे होतं असंही नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही होतं, आणि बायकांना जास्त होतं. म्हणून स्वतःच निदान करून मोकळी होऊ नकोस.

माझ्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा तोवर बसला होता. पट्टा कापून नस मोकळी केली. मुंग्या गेल्या, पण ताकद पुरती आली नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण अजून शेजारच्या मुलाकडून उघडून घेते. डावा हातही तेव्हा कुरकुरायला लागला होता. त्याला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली, कामाची रीत बदलली, आणि तो वाचला. दोन्ही हात माझेच, दोघांना झालं तेही एकच. एकाच्या बाबतीत उशीर केला, एकाच्या बाबतीत नाही.

*

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. तुळशीला पाणी घातलं, चहा घेतला. आता पुढे.

हे दुखणं कॉम्प्युटरने आणलं असं लोक म्हणतात. तसं नाही. इटलीत रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. १७०० साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या पुढच्या आवृत्तीत कारकुनांचाही विचार आहे. कारकुनांच्या आजाराची तीन कारणं त्यांनी दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने न थांबता होणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून लुळा पडला. त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं, तर काही दिवसांनी त्याही हाताची तीच गत झाली. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, ओझं काय तर पिसाच्या लेखणीचं! कामाचं वजन किती, यावर हे ठरत नाही बाळा. तेच ते किती वेळा आणि मध्ये न थांबता किती, यावर ठरतं.

मी मराठी टायपिंग शिकले ते टाइपरायटरवर, परीक्षेला मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाने बसले. त्या यंत्राच्या कळा जड होत्या, संध्याकाळी बोटं ठणकायची, ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पण ओळ संपत आली की घंटी वाजायची. हात उचलून दांडा ढकलायचा, गाडा परत आणायचा. पान संपलं की कागद काढा, कार्बन लावा, नवा कागद चढवा. चूक झाली तर खोडायला थांबा. त्याआधी बोरूने लिहिणारे कारकून तर दर काही शब्दांनी दौतीकडे हात न्यायचे. यंत्रं बदलत गेली तशी एकेक थांबण्याची जागा निघून गेली. आता ओळ आपोआप वळते, पान आपोआप पुढे जातं, चूक एका बोटाने पुसली जाते, फाइल पाठवायलाही उठावं लागत नाही. काम हलकं झालं, आणि सलग झालं.

तुझे आजोबा, आमचे आबा, लहानपणी आम्हा दोघी बहिणींना हातावर ताल मोजायला शिकवायचे.  त्रिताल सोळा मात्रांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही. तिथे तळहात उघडा करून बाजूला न्यायचा. ती खाली. तुझी आई आणि मी घाईत तिथेही टाळी वाजवायचो. आबा तबल्यावरचा हात थांबवून म्हणायचे, "खाली गेली की ताल गेला. पुन्हा पहिल्यापासून." मला तेव्हा वाटायचं, खाली म्हणजे रिकामी जागा. ऑपरेशननंतर हात गळ्यात बांधून बसले होते तेव्हा उमगलं, की खालीसुद्धा मात्राच आहे. काम संपल्यावर उरला तर घ्यायचा, असा तो विसावा नव्हे. कामाच्या आतच ती मोजून द्यायची असते. यंत्रांनी ती काढून घेतली, आपण ती परत घालायची. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

*

आता कामाचं. तू पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतेस, हे मी तुझ्याकडे वाकडला आले तेव्हा पाहिलंय. ते आजपासून बंद. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे मान सांभाळावी तर मनगट वाकतं आणि मनगट सांभाळावं तर मान. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घे. लॅपटॉप टेबलावर ठेव आणि खाली तुझ्याकडचे जुने दिवाळी अंक रच. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. पडदा हातभर लांब. खुर्ची एवढी उंच, की खांदे सैल सोडले तर कोपर काटकोनात राहील आणि मनगट सरळ. मग पाय लोंबकळतील, तर खाली पाट घे.

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उघडू नकोस, त्यांनी मनगट वर वाकतं. टाइप करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवायचं नाही. टेकायचं ते थांबल्यावर. माउस कीबोर्डला चिकटून ठेव, हात लांबवावा लागला की खांदा दुखतो. तो मनगटातून फिरवू नकोस, सगळा हात कोपरापासून हलू दे. कळा हलक्या हाताने दाब. मी टाइपरायटरची सवय घेऊन आले आणि वर्षानुवर्षं कीबोर्ड बडवत राहिले.

तू इनस्क्रिप्ट शिकलीस ते फार चांगलं केलंस. तिथे स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, म्हणून मराठी शब्द दोन्ही हात वाटून घेतात. पण ख, घ, छ, थ, ध, भ यांना शिफ्ट लागते आणि ही अक्षरं उजवीकडची आहेत. तेव्हा शिफ्ट डाव्या करंगळीने दाब. एकाच हाताची करंगळी ताणून तिथेच दुसरं बोट मारण्याने तळहात दिवसभर ताणलेला राहतो.

आणि खाली. फोनवर वीस मिनिटांचा गजर लाव. वाजला की दोन्ही हात कीबोर्डवरून काढ, मांडीवर उताणे ठेव, अर्धं मिनिट. खांदे सोड, खिडकीतून लांबचं झाड बघ, डोळ्यांनाही बरं. तासाने पाच मिनिटं उठ, पाणी पी, फेरी मार. तुझं काम भाषांतराचं, म्हणजे अर्धा वेळ वाचण्याचा. वाचताना माउसवर हात ठेवू नकोस. हात काही करत नसला तरी तो तयारीत असतो, आणि तयारीतला हात विसावत नाही. त्या पाच मिनिटांत फोनवर अंगठा चालवलास तर ती खाली नव्हे, तीही टाळीच.

एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते. आपण बायका लॅपटॉप मिटून उठतो आणि त्याच हातांनी कणीक मळतो, कपडे पिळतो, नारळ खवतो. मनगटाला ते दुसरं काम आहे हे समजत नाही, त्याच्या हिशेबी दिवस एकच. तुझं दुखणं उतरेपर्यंत मळणं-पिळणं नवऱ्याकडे दे. लग्न दोघांचं आहे, घरही दोघांचं.

या सगळ्याआधी मात्र डॉक्टर. रात्री जाग येते म्हणजे घरगुती उपायांची वेळ गेली. ऑर्थोपेडिककडे जा, कुठली बोटं ते सांग, साखर आणि थायरॉइड तपासून घे. रात्रीची पट्टी त्यांनीच मापाची सांगू दे. वस्तू हातातून सुटायला लागल्या किंवा बोट दिवसाही बधिर राहिलं, तर एक दिवसही थांबू नकोस. गोळी घेऊन काम रेटणं तर मुळीच नको. दुखणं गप्प झालं म्हणजे नस मोकळी झाली असं नसतं.

तू म्हणशील, शब्दावर पैसे आहेत, थांबले तर नुकसान. माझे पानावर होते. तासाला पाच मिनिटं वाचवण्यासाठी मी पाच महिने घरी बसले, आणि त्या पाच महिन्यांत मालकांनी एकदाही फोन केला नाही. त्यांच्याबद्दल राग धरून आता उपयोग नाही. पण शब्दावर पैसे देणारा हाताचे पैसे देत नाही, हे तू दर ठरवताना लक्षात ठेव. मुदत घेताना थांबण्याचा वेळ धरूनच माग. कमी काम घ्यावं लागलं तर घे. तुझं भाषांतर मी वाचते, त्यातलं मराठी मला आवडतं, आणि ते अजून तीस वर्षं वाचायला मिळावं असं वाटतं.

हे पत्र तीन बैठकांत लिहिलं. अक्षर शेवटपर्यंत बिघडलेलं नाही, बघ.

रविवारी तुझी आई पुण्याला येते आहे. तिच्याबरोबर आबांचा पाट पाठवते. तबल्याला बसताना ते घ्यायचे तोच. तो पायाखाली घेऊ का, असं विचारशील, म्हणून आधीच सांगते: घे. त्यांनीच तसं सांगितलं असतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की कळव. टाइप करू नकोस, फोन कर.

तुझी,
मावशी