वेसाव्याचा पोसायडन

ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन महाराष्ट्रात येऊन गेला आहे. १९४० च्या दशकात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर त्याची छोटीशी ब्राँझची मूर्ती सापडली. रोमन व्यापाराबरोबर आलेली ती मूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. म्हणूनच अंधेरीत बसून त्याचं नवं पात्र रेखाटताना तो मला परका वाटत नाही.

अडचण त्रिशूळाची आहे. तो हातात दिला की आपल्याकडचा कुणीही शंकराला हात जोडेल. त्रिशूळ काढूनच टाकला. खांद्यावर डोल जाळ्याचा दोर दिला, कमरेला चौकड्यांचा सुरका. कोरीव स्नायू नकोत. दोर ओढून रुंदावलेले खांदे आणि मिठाने चिरलेली बोटं हवीत. दाढी काही केल्या जमत नव्हती. काल वेसावे कोळीवाड्यात वलांडीवर वाळणारे बोंबील पाहिले, जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टांगलेले, वाऱ्यावर हलणारे. हीच त्याची दाढी!

'ओडिसी'त तो मुलाचा डोळा फोडला म्हणून खवळतो. माझ्या पोसायडनचा राग जाळ्यात मासळीऐवजी येणाऱ्या प्लास्टिकवर आहे, आणि तो रास्तच आहे. रूपं मात्र दोन करायची: १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीतला उधाणलेला, आणि नारळी पौर्णिमेला नारळ स्वीकारणारा. आधी उधाणलेला रंगवायला घेते, आषाढातल्या गढूळ तपकिरी पाण्याच्या रंगात. निळा रंग त्याला लावणार नाही.