फियाटला धनी हवा

राळेगावच्या आमच्या अंगणातील फियाट ११०० आता नव्या धन्याच्या शोधात आहे. कुळ इटलीतील तोरिनोचे, जन्म मात्र कुर्ल्यातील, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातला. १९७४ पासून याच वंशाला ‘पद्मिनी’ म्हणू लागले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली हद्दपार झाली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. हळहळणे सोपे, गाडी सांभाळणे कठीण. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा आणि विदर्भाचा उन्हाळा! वडील तिला मिस्सेसाठी यवतमाळला नेत. रात्री-अपरात्री गावातील अडलेल्या बाळंतिणींनाही. भाडे त्यांनी कधी घेतले नाही.

माझी दृष्टी मंदावल्याने आता ती उभीच असते. एका लॉनवाल्याला ती प्रवेशद्वाराशी शोभेसाठी हवी आहे. पैसेही रोख देतो. दुसरा गॅरेजात काम करणारा तरुण. किंमत विचारण्यापूर्वीच त्याने बॉनेट उघडून कार्ब्युरेटर कोण साफ करते, ते विचारले. मग चाचरत निम्मा आकडा सांगितला, तोही हप्त्यांनी. माझा कल कुणीकडे, हे सांगायला नको. पण गाडीत थोरल्या बहिणीचाही वाटा आहे आणि तिचा निरोप अद्याप आलेला नाही.