डोक्यावर रंगाचा फराटा

२०१९ साली गोव्याला भाचीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. सकाळीच गल्लीत गोरी माणसं मोठाली जाळी घेऊन भटक्या कुत्र्यांमागे धावत होती! धरायचं, लस टोचायची, डोक्यावर रंगाचा फराटा ओढायचा, सोडून द्यायचं. भाची म्हणाली, 'मिशन रेबीज'ची माणसं, २०१४ पासून येतात, पदरचे पैसे खर्चून. मला आधी हसू आलं, मग चक्क रागच. यांना इथली माणसं दिसत नाहीत का?

रात्री मात्र झोप लागेना. माझ्या सहावीतला एक मुलगा आठवला. पायाला चिंधी बांधून आला होता. "पडलास का रे?" "हो बाई." पिल्लू चावलं होतं, घरी मार बसेल म्हणून बोलला नाही. दीडेक महिन्याने पाण्याचा पेला पाहून... पुढचं लिहवत नाही. मी चिंधी सोडून पाहिली नव्हती.

२०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाला. तेव्हा भाचीला मुद्दाम फोन केला.

इथे महाळुंग्यात आमच्या टॉवरच्या फाटकाशी सात-आठ कुत्री असतात. बिस्किटं घालताना मी त्यांचे कान बघते. कानाचा कोपरा कापलेला असला म्हणजे नसबंदी आणि लस झालेली. दोघींचे कान अजून अखंड आहेत.