शेवटच्या क्रमांकाचा हिशेब

धारवाडात वकिली करताना भागीदाऱ्या मोडल्यावरच्या वाटण्या मी पुष्कळ पाहिल्या. परंतु हरलेल्या संघातून मोसमाअखेर कोणास ठेवावे आणि कोणास वगळावे, हा निवाडा त्यांहून कठीण. हॉकी इंडिया लीगच्या 2013 सालच्या पहिल्या मोसमात मुंबई मॅजिशियन्स हा संघ 5 संघांत शेवटचा आला. गंमत अशी, की त्याच संघाकडून संदीप सिंगने 11 गोल केले होते! पुढील वर्षी तो पंजाब वॉरियर्सकडून खेळला. 2015 साली मुंबईचा तो संघही उरला नाही. पराभव साऱ्यांचा, यादीतून खोडावयाचे ते मात्र एकेक नाव.

आमच्या आळीतील हॉकी मंडळ गेल्या मोसमात सारे सामने हरले. 7 वर्षे बचावफळी सांभाळणाऱ्या एका तरुणास वगळण्याचा ठराव माझ्याच अक्षरात झाला. कायद्याच्या दृष्टीने त्यात वैगुण्य नव्हते. दुसऱ्या दिवशी देवळात तीर्थ घेताना तो शेजारीच उभा. हलकेच म्हणाला, "वकीलमाम, चेंडू अडवणे माझे काम. गोल कोणी करायचे होते?"

मला उत्तर सुचले नाही. ठरावाच्या फेरविचाराचा अर्ज मी त्याच रात्री लिहिला.