कमावत्या मुलांचं वेळापत्रक

डिसेंबर आणि एप्रिल-मे हे लग्नांचे महिने. विद्यापीठाच्या परीक्षाही साधारण त्याच सुमाराला येतात. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. माझ्या वर्गातल्या मुलांना तो पाठ आहे. लग्न म्हणजे केटरिंग, केटरिंगला वाढपी लागतात, आणि पुण्यातल्या कार्यालयांत बुफेमागे टोपी घालून उभी असलेली पोरं बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या कॉलेजची असतात. संध्याकाळी चारला जायचं, शेवटची भांडी टेम्पोत चढली की रात्री एक-दीडला खोलीवर परतायचं. पैसे रोख मिळतात, जेवण तिथलंच. घरून पैसे न येणाऱ्या मुलाला त्या जेवणाचं मोल मजुरीइतकंच असतं, कारण मेसमध्ये त्या दिवशीचा खाडा धरता येतो. दिवाळीचंही तसंच. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांना हंगामी मुलं-मुली हव्या असतात ते दिवस आणि पहिल्या सत्राची परीक्षा अगदी शेजारी शेजारी.

म्हणूनच ‘कॉलेजच्या मुलांनी शिकता शिकता नोकरी करावी का?’ हा विषय वक्तृत्व स्पर्धेत आला की मला तो अपुरा वाटतो. ज्यांच्याविषयी हे विचारलं जातं त्यांतली कितीतरी मुलं उत्तर निवडायला मोकळी नसतात. मी सकाळच्या सत्रात अर्थशास्त्र शिकवते. पेपरची लाइन टाकून तासाला येणारी, दुपारी मेडिकलच्या दुकानात उभी राहणारी, शिकवण्या घेणारी, रात्री पार्सलं पोचवणारी मुलं माझ्यासमोर बसलेली असतात. काम करावं, असंच माझं मत आहे. गरज नसलेल्यांनीही एखादं वर्ष करून पाहावं. स्वतःच्या कमाईतून पहिल्यांदा परीक्षा फी भरणाऱ्या मुलीच्या चालण्याबोलण्यात जो फरक पडतो तो मी पाहिलेला आहे. मात्र या होकाराला माझी एक अट आहे, आणि ती मुलांवर नाही. ती आमच्यावर, म्हणजे कॉलेजांवर आहे.

महाराष्ट्राला हे नव्यानं सांगावं लागू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं खात, शेतात राबत आणि शिकत. पोरांच्या पोटाला घालायला काही उरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा मागे ठेवलं नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं तेही याच पायावर: फी नाही, राहण्याची सोय, आणि त्या बदल्यात अंगमेहनत. भाऊरावांच्या हाताखाली वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पाटी-घमेली उचललेल्या पोरांची अशी नावं आपण अभिमानानं सांगतो, सांगावीतच. पण त्या व्यवस्थेचं मर्म मला वेगळ्या ठिकाणी दिसतं. बोर्डिंगातल्या पोराला कामाला लावणारे आणि त्याच्या अभ्यासाची चिंता वाहणारे हात एकाच घरातले होते. त्यानं पिकवलेलं त्याच्याच ताटात येत होतं. कामानं अभ्यासाचा घास घेतला असता तर तो तोटा संस्थेचाच ठरला असता.

बाबासाहेब आंबेडकरांनी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनं हात घातला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणाला तास आटोपून कामावर वेळेत जाता यावं. गिरणगावातल्या रात्रशाळांनी कामगारांच्या पोरांसाठी तेच केलं. साताऱ्यात संस्थेनं काम दिलं. मुंबईत संस्थेनं आपलं घड्याळ कामकऱ्याच्या घड्याळाला जुळवून घेतलं. दोन्हीकडे पदराला खार संस्थेनं लावून घेतला.

विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ योजना आजही चालते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातली तर कर्मवीरांच्याच नावानं आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावायची, बागेत काम करायचं, कार्यालयातल्या नोंदी करायच्या, आणि तासांप्रमाणे मानधन घ्यायचं. मला या योजनेबद्दल मनापासून आदर आहे. ग्रंथालयात काम करणारी मुलगी कुठला संदर्भग्रंथ कुठल्या कपाटात आहे हे माझ्याआधी सांगते. तिच्या कामानं तिचं शिक्षण वाढतं. पण जागा थोड्या आणि तास मोजके. त्यात वह्या-पुस्तकं भागतात, खोलीभाडं भागत नाही. मग मुलं बाहेर जातात.

बाहेर म्हणजे हल्ली मोबाइलवर. परभणीकडचा माझा एक विद्यार्थी जेवण पोचवणाऱ्या ॲपवर काम करायचा. घरची कोरडवाहू जमीन, सगळी मदार सोयाबीनवर. त्यानं एकदा मला त्याचं गणित सांगितलं. रात्री आठ ते अकरा मागणी जास्त. पाऊस असला की दर वाढतो. ठरावीक ऑर्डरी पुऱ्या झाल्या तरच इन्सेंटिव्ह. म्हणजे दहाच्या सुमारास ‘आता पुरे, सकाळी तास आहे’ असं म्हणता येत नाही, कारण आणखी तीन ऑर्डरी झाल्या नाहीत तर संध्याकाळभराच्या मेहनतीवरचा वाढीव पैसा बुडतो. पेट्रोल त्याचं, गाडी हप्त्यावरची, पडला-झडला तर दवाखानाही त्याचाच. मी फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे आलेख काढते. त्याला ते रस्त्यावर भिजत उमगलेले होते. तोंडी परीक्षेत किमतीची लवचिकता त्यानं पावसाळी रात्रीच्या दरांवरून अशी काही समजावून दिली की बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत पुढे सरकून बसले. त्याच विषयाच्या लेखी पेपरात त्याला के.टी. लागली. पुस्तक घेऊन बसायला त्याच्या दिवसात जागाच उरली नव्हती. काम माणसाला किती शिकवतं आणि शिकलेलं कागदावर उतरवण्याची ताकद कशी काढून घेतं, हे दोन्ही मी त्या एका मुलात पाहिलं.

सरकार काहीच करत नाही असं नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये धरलेले आहेत: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाह भत्त्याचे ८,०००. राहण्याच्या २०,००० ना बारानं भागलं तर महिन्याचे १,७०० सुद्धा होत नाहीत. तेवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवरही जागा मिळत नाही. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. फार मोठा निर्णय आहे तो, आणि त्यामुळे शिक्षण सुटलं असतं अशा मुली टिकल्या आहेत. पण शहरात राहण्याचा खर्च फीपाशी संपत नाही. आणि शिष्यवृत्तीचे पैसे अनेकदा सत्र उलटून गेल्यावर खात्यात येतात. घरमालक आणि मेसवाल्या काकू तेवढं थांबू शकत नाहीत, त्यांचंही पोट त्यावरच आहे.

घरी राहून शिकणाऱ्या मुलींच्या कामाला तर कोणी काम म्हणत नाही. पहाटे पाणी भरून, डबे करून, धाकट्याला शाळेत सोडून जी मुलगी तासाला दहा मिनिटं उशिरा पोचते, तिचं नाव हजेरीच्या डिफॉल्टर यादीत अगदी वर असतं.

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पदवीत कार्यप्रशिक्षण आलं: ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास. कल्पना चांगली आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? ज्याच्या वडिलांची ओळख आहे त्याला एखाद्या कचेरीत जागा मिळते, दोन महिन्यांत प्रमाणपत्र हातात येतं. जो मुलगा वर्षभर औषधांच्या दुकानात साठ्याच्या नोंदी ठेवतो, मुदत संपत आलेली औषधं बाजूला काढतो, उधारीचं खातं सांभाळतो, त्याला आम्ही सांगतो की तुझं हे काम त्यात धरता येणार नाही. मग तो पगाराचं काम थोडे दिवस सोडून बिनपगारी प्रशिक्षणाला जातो. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांना तरी त्या दुकानातलं शिक्षण दिसायला हवं. त्याच्याकडून साठ्याच्या फिरण्यावर वीस पानी अहवाल मागावा, तोंडी प्रश्न विचारावेत, आणि श्रेयांक द्यावेत.

आपली मुलं बाहेरदेशी शिकायला जातात तेव्हा त्यांच्या कामाचे तास मोजले जातात. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. हे नियम परदेशी विद्यार्थ्यांसाठी असतात आणि ते काही मायेपोटी केलेले नसतात, हे मला ठाऊक आहे. तरी त्यामागचं एक गृहीत मला पटतं: माणूस शिकायला आलेला आहे, आणि त्याच्या वेळेला कुठंतरी कुंपण हवं. इथं, त्याच्या स्वतःच्या राज्यात, परभणीचा मुलगा आठवड्याला किती तास रस्त्यावर असतो हे त्याच्या कॉलेजला माहीत नसतं. आम्ही विचारतच नाही. आम्हाला कळतं ते फक्त ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्या हजेरीतून.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘मॅडम, सवलतीचं दार एकदा किलकिलं केलं की खोटी कारणं घेऊन रांग लागेल.’ त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. खोटे दाखले आणणारी मुलं मीही पाहिली आहेत. पण खोट्या चौघांना अडवण्यासाठी खऱ्या चाळिसांना दंड भरायला लावणं मला मान्य नाही. शिवाय मी हजेरी माफ करायला सांगतच नाही. तास व्हावा, मुलानं तो बसून ऐकावा, म्हणूनच तो अशा वेळी ठेवा की त्याला येता येईल.

यंदा सत्राच्या सुरुवातीला मी वर्गात एक साधा कागद वाटला. काम करता का, कुठल्या प्रकारचं, किती ते किती, आठवड्यातला सगळ्यात जड दिवस कोणता. नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलं, तरी बहुतेकांनी लिहिलं. ते कागद वेळापत्रक समितीपुढे ठेवते आहे, आणि सोबत तीन मागण्या. मुख्य विषयांचे तास सकाळी अकराच्या आत संपावेत. अंतर्गत परीक्षेला दुसरी तारीख असावी आणि ती लग्नतिथी पाहून ठरवावी. पगाराचं काम करणाऱ्याला तेच काम, अहवाल लिहून, कार्यप्रशिक्षण म्हणून दाखवता यावं. तिसऱ्या मागणीला विद्यापीठाची परवानगी लागेल, तिचा अर्ज लिहून तयार आहे. पहिल्या दोन्हींना लागणार नाही. त्या येत्या सोमवारपासूनही सुरू करता येतील.